शिकाऱ्याचा घास

लुडविगनं गाडी शेडच्या दारापाशी न थांबवता मागच्या भिंतीकडे नेली, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दरवर्षी हा मुलगा शिकार आणतो ती गावभर भोंगा वाजवत, शिंगं गाडीबाहेर काढून. आज भोंगा नाही, आणि शिंगांवर पोतं टाकलेलं. खाली उतरला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "आई, उतरवायला हात लाव. एम्मी आत्याला हाक मारू नकोस."

"का? मी एकटीनं उचलू? म्हातारी झालेय मी, बैल नाही झाले."

"लाव ना हात. वाद नको सकाळी सकाळी."

दोघांनी ओढून जनावर ताडपत्रीवर घेतलं. गेम्सबॉक होता. आमच्या रानातलं सगळ्यांत देखणं हरण, घोड्यासारखं भरलेलं, काळं-पांढरं तोंड, भाल्यासारखी सरळ शिंगं. ते कुशीवर कलंडलं आणि मला सड दिसले.

"लुडविग."

"माहितीये."

"मादी मारलीस?"

"तळ्यावर धूळ होती. शिंगं जाड दिसली मला. पडल्यावर जवळ गेलो तेव्हा कळलं." तो बुटानं माती उकरत राहिला.

ही चूक आमच्याकडे होते. गेम्सबॉकच्या मादीलाही शिंगं असतात, उलट नरापेक्षा जरा लांबच. बुडाशी बारीक असतात, फरक काय तो तेवढाच. माझ्या वडिलांनीही एकदा अशीच मादी पाडली होती आणि वर्षभर लोकांनी त्यांना चिडवलं होतं. पण तेव्हा पाऊस होता, रान भरलेलं होतं, आणि चिडवण्यावर भागलं. यंदा हे सलग तिसरं कोरडं साल. जनावरांची मोजणी झाली तेव्हा आमच्या रानराखण मंडळानं ठराव केला होता की यंदा फक्त म्हातारे नर मारायचे, तेही थोडेच, आणि मादीला कोणी हात लावायचा नाही. तो ठराव सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला होता लुडविगनंच. मंडळाचा राखणदार तो, बंदूक त्याच्या खांद्यावर.

"रानातच पोट का नाही उघडलंस?" मी विचारलं. "ऊन चढायला लागलंय. मांस वास मारेल."

"सिंहाचे ताजे ठसे होते."

सिंहाच्या ठशांवर बसून न्याहारी करणारा मुलगा आहे हा. मी त्याची आई आहे, मला काय सांगतो. आत काय असेल ते त्याला बघायचं नव्हतं, एवढंच. मी सुरा घेतला आणि उघडलं.

पिल्लू होतं. पूर्ण झालेलं. अंगावर ओली बारीक लव आलेली, खुरं अजून मऊ, पिवळट. आणखी थोडे दिवस गेले असते तर आईच्या मागे धावलं असतं. हजार जनावरं सोलली असतील या हातांनी, पण त्या क्षणी मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून रागही आला.

लुडविग म्हणाला, "रोझालियाताईंना सांगून येतो." रोझालिया म्हणजे मंडळाची अध्यक्ष.

"तोंड उघडशील तर बघ."

"आई, लपवून—"

"आज नाही. आज सभा आहे. उद्या सांग, परवा सांग, पुढच्या जन्मी सांग. आज एक शब्द काढलास तर मी तुला ओळखत नाही."

मी पिल्लाला कपड्यांच्या टबात ठेवलं, वर ओलं पोतं टाकलं आणि टब शेडच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपांमागे सरकवला. लुडविग खुर्च्या आणायला शाळेकडे निघून गेला.

आजची सभा दरवर्षीसारखी नव्हती. कडू झऱ्याची दरी आमच्या रानाचा गाभा. तिथे गुरं न्यायची नाहीत असं आम्हीच ठरवलंय, पुष्कळ वर्षांपूर्वी, आणि त्याच गवतावर गेम्सबॉक आणि डोंगरातले झेब्रे जगतात. बदल्यात वर्षाला ठरलेली शिकार होते, घरोघरी मांस जातं आणि सभेच्या दिवशी सगळ्या गावाची पंगत बसते. माणसानं रानाला सांभाळायचं आणि रानानं माणसाला खाऊ घालायचं, असा हा हिशेब. पण आता गुरं मरत होती. लोक म्हणत होते, दरी उघडा. आज हात वर करून त्याचाच निकाल लागायचा होता. अशा दिवशी मंडळाच्याच राखणदारानं गाभण मादी पाडली हे कळलं तर कोणाचा हात दरीच्या बाजूनं उठेल?

खरं सांगायचं तर मला दरीपेक्षा बंदुकीची काळजी होती. लुडविगनं आधी किनाऱ्यावर माशांच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथून जो माणूस घरी परत आला होता तो माझा मुलगा नव्हताच, दारूत भिजवलेलं एक फडकं होतं. मंडळानं त्याच्या खांद्यावर बंदूक दिली आणि रान दिलं, आणि माझा मुलगा मला परत मिळाला. ती बंदूक गेली तर तो कुठे जाईल ते मला कोणी सांगायला नको होतं.

एम्मी आली तोवर मी कातडं गुंडाळून ठेवलं होतं आणि सड कापून कुत्र्यांपुढे टाकले होते. एम्मी माझी नणंद. मनानं चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नाही. तिपायी बिडाच्या हंड्या तिनं विस्तवावर चढवल्या, मी हाडं फोडली, फरे कापले. गेम्सबॉकच्या मांसाला स्वतःची चरबी नसते, बकऱ्याची घालावी लागते, नाहीतर ते चामड्यासारखं होतं. मी चरबी टाकली. मग आठवेना, टाकली का नाही. पुन्हा टाकली.

"वहिनी, दोनदा टाकलीस," एम्मी म्हणाली.

"एवढी माणसं येणारेत, लागते."

"आणि ते पिंपांमागे काय बघतेस सारखं? नवरा लपवलायस का कोणाचा?"

"तुझाच. वास मारायला लागला म्हणून झाकून ठेवलाय."

ती खो खो हसली. मी हसले, पण माझं लक्ष माश्यांवर होतं. माश्या हंड्या सोडून कोपऱ्याकडे जात होत्या. मी उठले, पोत्यावर पाणी मारलं, परत बसले. मीठ घातलं. उठले, दारात उभी राहिले, लुडविग दिसतो का बघितलं, परत आले. एम्मी उकड ढवळत होती, मक्याची उकड लाकडी दांड्यानं घोटताना हात भरून येतात म्हणून ती गाणं म्हणत होती, आणि मला तिच्या गाण्याचासुद्धा राग येत होता.

ऊन कलायच्या आत गाढवाच्या गाड्या यायला लागल्या. लांबलांबच्या वस्त्यांवरून लोक आले, कोणी आदल्या दिवशीच निघालेलं. सगळ्यांचं पहिलं लक्ष हंड्यांकडे. मंडळाच्या सभेला अर्धी माणसं मतासाठी येतात आणि सगळी माणसं मांसासाठी येतात, यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणूनच आमच्याकडे आधी निकाल आणि मग जेवण. उलटं केलं तर खुर्च्या रिकाम्या होतात.

ओपा हेसेकिएल काठी टेकत थेट माझ्या चुलीपाशी आले. गावात सगळ्यांत वयस्कर तेच, म्हणून सगळे त्यांना ओपा म्हणजे आजोबा म्हणतात. रानातल्या शिकारीचा पहिला घास त्यांचा. ते चाखतात, 'खा' म्हणतात, मगच बाकीच्यांची ताटं भरतात. पाळलेल्या बकऱ्याला हा नियम नाही, रानाच्या मांसाला आहे, आणि शहरात शिकून आलेली पोरंही तो मोडत नाहीत. दरी उघडा म्हणणाऱ्यांचे पुढारीही ओपाच होते. त्यांच्या गोठ्यात आता गायी कमी आणि हाडं जास्त अशी गत होती.

"काय गं अल्विना, मऊ झालंय का? मला दात नाहीत, माहितीये ना?"

"तुमची जीभच पुरे आहे, ओपा. तिनं दगड कापाल."

"ती तर आज सभेत चालवायचीये." ते विस्तवाजवळ उकिडवे बसले आणि हंडीत डोकावले. "मांस चांगलं आहे. कोवळं दिसतंय. म्हातारा नर म्हणत होते ना?"

"चरबी जास्त पडली म्हणून तसं दिसतंय," एम्मी मध्येच म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिच्या बडबडीचा मला उपयोग झाला.

ओपांनी मान हलवली. मग इकडेतिकडे बघितलं. "लुडविग कुठाय? शिकारी हंडीजवळ नाही, असं मी माझ्या आयुष्यात बघितलं नाही. शिकार केलेला माणूस चुलीपाशी बसून थापा मारतो. माझी बायको मला हाकलायची."

"खुर्च्या लावतोय."

"खुर्च्या," ओपा म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग उठून सभेकडे गेले. माझी पाठ घामानं भिजली होती आणि तो घाम विस्तवाचा नव्हता.

सभा काटेरी झाडाखाली होती, शेडपासून हाकेच्या अंतरावर. मी हंड्या एम्मीवर सोडून खांबाला टेकून उभी राहिले. ओपा बोलले, आणि चांगलं बोलले, मेल्या म्हाताऱ्याला बोलता येतं. म्हणाले, "झेब्रे जगावेत असं मलाही वाटतं. पण माझी गाय रोज संध्याकाळी माझ्याकडे बघते, झेब्रा बघत नाही. दरी राखता म्हणता, कोण राखतं? राखणदार काय करतात ते आपल्याला कुठे दिसतं? कागदावर मोजतात, बंदुकीनं मारतात, आपण खातो आणि गप्प बसतो." लोक 'खरंय, खरंय' करायला लागले.

रोझालिया उठली. चष्मा काढून पुसला, हे तिचं रागाचं लक्षण. "ओपा, राखणदारांवर बोलायचं तर त्यांच्या तोंडावर बोला. यंदा आपण मादी मारायची नाही असं ठरवलं. एक तरी मादी मारली गेली का? लुडविग, उभा राहा आणि सांग सगळ्यांना."

त्या भाबड्या बाईला वाटलं, ती त्याची बाजू घेतेय.

लुडविग उभा राहिला. त्यानं टोपी काढली, हातात फिरवली. 'नाही' म्हण, मी मनात ओरडत होते, नुसतं 'नाही' म्हण आणि बस. मग टोपी खुर्चीवर ठेवली आणि चालायला लागला. थेट शेडकडे. माझ्याकडे.

"लुडविग, नको." मी दारात आडवी झाले.

"बाजूला हो, आई."

"अरे तुझी बंदूक जाईल. तुला कळतंय का? सगळं जाईल."

"खोटं बोलता येत नाही मला तिथे. जमत नाही. बाजूला हो."

एम्मी उकडीचा दांडा हातात धरून तोंड उघडं टाकून बघत होती. लुडविगनं पिंपांमागून टब ओढला आणि दोन्ही हातांनी उचलून सभेच्या मधोमध नेऊन ठेवला. पोतं काढलं. मी मागोमाग धावले होते, पण धावून काय करणार होते?

मग सगळे एकदमच बोलायला लागले. बायका पुढे येऊन बघत होत्या आणि तोंडावर हात घेऊन मागे सरत होत्या. कोणी ओरडलं, "चोर आहेत सगळे!" दुसरा म्हणाला, "आम्ही गाय मरू द्यायची आणि हे गाभण जनावरं मारणार!" रोझालिया पांढरीफटक पडली होती. "उघडा दरी, आत्ताच हात वर करा," असा गलका झाला.

"चूक माझी आहे," लुडविग म्हणाला. त्याचा आवाज मोठा नाही, त्याला दोनदा म्हणावं लागलं. "चूक माझी आहे, दरीची नाही. धुळीत मी नीट बघितलं नाही. थांबायला हवं होतं, थांबलो नाही. मला काय करायचं ते करा. पण यावरून दरी उघडू नका. तिथे आता फार थोडी जनावरं उरलीत. गुरं गेली तर एका मोसमात संपतील, आणि गुरंही पुढच्या मोसमात मरतीलच."

"आणि हे कोणी लपवलं होतं?" कोणीतरी विचारलं.

"मी," मी म्हणाले. "माझा मुलगा आहे. तुम्ही काय केलं असतं?"

ओपा काठीवर हनुवटी टेकून टबाकडे बघत होते. त्यांनी हात वर केला तेव्हा गलका थांबला. "मी हे मांस चाखणार नाही," ते म्हणाले. लोकांमध्ये चुळबुळ झाली. सकाळपासून उपाशी माणसं, वाऱ्यावर हंड्यांचा वास, आणि ओपा चाखणार नाहीत म्हणजे कोणीच खाणार नाही. "अल्विना, पहिली ताटली भर आणि इकडे घेऊन ये."

"चाखणार नाही म्हणालात ना?"

"घेऊन ये म्हटलं."

मी गेले. फऱ्याचा मऊ तुकडा काढला, थोडी उकड, रस्सा. ओपांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. काठीनं लुडविगकडे दाखवलं.

"त्याला दे."

मला समजायला एक क्षण लागला. मग समजलं. आमच्यात शिकारी आपल्या शिकारीला वडीलधाऱ्याआधी तोंड लावत नाही. लावलं तर त्याचा हात मेला. त्यापुढे त्यानं मारलेलं मांस या मुलखात कोणी खात नाही, कोणी खात नाही तर तो मारत नाही, आणि जो मारत नाही त्याच्या खांद्यावर मंडळ बंदूक कशाला ठेवेल? असा एक माणूस लहानपणी मी बघितला होता. तो जगला, पण चुलीच्या दुसऱ्या बाजूला एकटा बसून जगला.

"नाही देणार," मी म्हणाले. "ओपा, तुम्हाला काय शिक्षा द्यायची ती मला द्या. लपवलं मी. तुमच्या गायींपायी माझ्या पोराचा हात कापता होय?"

"मी गायींचं नाव घेतलं का?"

"मनात तेच आहे तुमच्या!"

"ऐक, पोरी." ओपांचा आवाज चढला नाही. "चुकीला शिक्षा नसती तर मी म्हटलं असतं, दरी उघडा, कारण मग राखणं नुसतं नावालाच आहे. त्यानं खाल्लं, तर राखणं खरं आहे. तो खाईल तर मी हात दरीच्या बाजूनं वर करीन. माझ्या गायी मरतील त्या मरतील. नाही खाल्लं, तर उद्या सकाळी माझ्या गायी झऱ्यावर असतील. निवड त्यानं करायची, तू नाही."

सगळ्यांनी लुडविगकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी ताटली छातीशी धरून उभी होते, रस्सा माझ्या पोलक्यावर सांडत होता, आणि मला वाटत होतं, जळो ती दरी, जळोत ते झेब्रे. पळ, पोरा. खोटं बोल, पाय धर, काहीही कर, पण हे खाऊ नकोस.

लुडविग माझ्याजवळ आला. त्यानं माझी बोटं एकेक करून ताटलीवरून सोडवली, लहान मुलाच्या हातातून खेळणं काढावं तशी. "दे, आई. गार होतंय."

तो तिथेच जमिनीवर बसला, टबाशेजारी, आणि खायला लागला. घाई नाही केली. मांस तोडलं, उकडीला लावलं, चावलं, गिळलं. एवढ्या माणसांत त्याच्या चावण्याचा आवाज येत होता. एम्मी हुंदके देत होती. रोझालियानं चष्मा काढून हातात धरला होता.

दोन घास झाल्यावर ओपा काठी टेकत उठले, वाकले, त्याच्या ताटलीतून एक तुकडा उचलला आणि बिनदातांच्या हिरड्यांनी चघळला. "फेड झाली आता. खा," ते सगळ्यांना म्हणाले. मग काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, अगदी वर, कोणाला शंका नको म्हणून. त्यांच्यामागच्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. मग एक हात वर झाला, मग दुसरा, मग बरेच. काही झाले नाहीत. पण पुरेसे झाले. दरी राहिली.

मग सगळे हंड्यांकडे धावले. ताटल्या वाजायला लागल्या, एम्मी "रांग लावा, रांग लावा, मेल्यांनो" म्हणत नाक पुसत वाढायला लागली. दोन बायकांनी टब उचलून झाडामागे नेला. कोणी लुडविगच्या बाजूला बसलं नाही. मुद्दाम नाही, पण बसलं नाही. मी रश्शाचं भांडं आणि पळी घेऊन त्याच्या समोर येऊन उभी राहिले.

त्यानं ताटली पुसून स्वच्छ केली आणि वर धरली.

"अजून वाढ, आई," तो म्हणाला. "आता कोणाआधी, कोणानंतर, काही बघायचं नाही मला."

मी वाढलं. माझा हात हलला आणि कढत रस्सा त्याच्या बोटांवर पडला, पण त्यानं ताटली खाली घेतली नाही.